पिवळा कागद, गुलाबी कागद

मोठ्या दुर्घटनेत शोधकार्य थांबलं की सगळ्यांत अवघड काम सुरू होतं : कोणता देह कोणाच्या ताब्यात द्यायचा? यासाठी जगभरातली न्यायवैद्यक पथकं दोन रंगांचे फॉर्म वापरतात. पिवळ्यावर हरवलेल्या माणसाची जिवंतपणीची माहिती, घरच्यांना विचारून लिहिलेली. गुलाबीवर मृतदेह तपासताना जे दिसलं ते. दोन्ही जुळले तरच ओळख पटली म्हणायची. इंटरपोलची याविषयीची मार्गदर्शिका 1984 मध्ये निघाली, पण या पद्धतीचं कूळ बरंच जुनं आहे.

4 मे 1897 रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजाराच्या मंडपाला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका. कपड्यांवरून, दागिन्यांवरून बऱ्याच ओळखल्या गेल्या. उरलेल्यांसाठी पॅराग्वेच्या वाणिज्यदूताने सुचवलं की त्यांच्या दंतवैद्यांना बोलवा. दंतवैद्य आपापल्या नोंदी घेऊन आले आणि त्यांवरून ओळख पटू लागली. ऑस्कर अमोएदो या क्यूबन दंतवैद्याने पुढच्याच वर्षी या विषयावर ग्रंथ लिहिला. पिवळ्या कागदाचा खरा पूर्वज मला त्या दंतवैद्यांच्या वह्यांतच दिसतो.

बोटांच्या ठशांचं एक मूळ तर आपल्याच देशात. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेलने एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, पण नाव झालं ते त्यांच्या इंग्रज साहेबाचं. तिसरी खूण डीएनए. ती अलेक जेफ्रीज यांना 1984 मध्येच गवसली. दात, ठसे आणि डीएनए या पहिल्या दर्जाच्या खुणा. चेहरा त्यांत नाही, कारण पाण्यात तो फुगतो, आगीत उरत नाही, आणि दुःखाने सैरभैर झालेला माणूस परक्यालाही आपलं म्हणून बसतो.

आता आपल्या भागातलं पाहा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनी धरणाच्या पाण्यात वादळात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. बोटीत कोण होतं हे काठावरच्या लोकांना ठाऊक होतं, त्यामुळे ओळखीचा प्रश्न फारसा आला नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात, बीडकडच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात तेव्हा असं काही घडलं तर? नातेवाईक दोन-तीनशे किलोमीटरवर, बरोबरचं सगळं कुटुंबच ट्रॉलीत. पिवळा कागद भरायचा कोणी?

दातांच्या नोंदी आपल्याकडे खेड्यांत जवळजवळ नसतातच. आधारसाठी ठसे दिलेले असले, तरी 2016 च्या कायद्याने ते अशा कामाला मिळत नाहीत. मग भिस्त डीएनएवर, आणि त्याला आईबाप किंवा लेकरांचे नमुने लागतात, शिवाय वेळही जातो. म्हणून मला वाटतं, बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी या कामाची रंगीत तालीम होईल तेव्हा ती शवागारापुरती नसावी. तिथे एकाने तपासायचं, दुसऱ्याने लिहायचं, देहाला मिळालेला क्रमांक शेवटपर्यंत बदलायचा नाही, हे शिकवावंच. पण तलाठी आणि पोलीस पाटलाच्या हातीही पिवळा कागद द्यावा. प्रश्न कसे विचारायचे, हे त्यांनी आधी शिकलेलं बरं. गोंदण उजव्या हातावर की डाव्या? जोडवी कितव्या बोटात? सिझेरियन झालं होतं का? मोबाइलमध्ये मोकळं हसतानाचा फोटो आहे का? त्या फोटोतले पुढचे दात गुलाबी कागदाशी ताडून पाहता येतात. हे सगळं घरातल्या बाईला हुंदके थांबेपर्यंत वेळ देऊन, पाण्याचा पेला पुढे करून विचारायचं असतं. डॉक्टरकीइतकंच हेही कौशल्य आहे.

अशा नोंदींची सुरुवात करायला तुकोबांच्या पालखीइतकी चांगली जागा नाही. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा तिचा या भागातला मार्ग. लाखोंची गर्दी, पण दिंडीला क्रमांक असतो, प्रमुख असतो, आपली माणसं त्याला माहीत असतात. त्याच्या वहीत नाव, गाव, घरच्यांचा फोन आणि एखादी शरीरखूण एवढं उतरवून घ्यायला एक संध्याकाळ पुरते, आणि ते पालखी बारामतीला पोचण्याआधी उंडवडीच्या मुक्कामातही होण्यासारखं आहे.