चिखलीतून थेट समुद्रकिनारी : परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी भारतीयांना खरंच मिळते का?

बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी म्हटलं की लोणार आठवतं. समुद्र इथून लांब. चिखलीला रेल्वे नाही, त्यामुळे मुंबईला जायचं तरी आधी बसने जालना किंवा मलकापूर गाठावं लागतं. पण मोबाईलवर रील्स बघणाऱ्या इथल्या पोरापोरींनाही हल्ली एक जाहिरात सारखी दिसते : थायलंडला जा, बीचजवळ राहा, लहान मुलांना इंग्रजी शिकवा, डिग्री कोणतीही चालेल.

ही जाहिरात नेमकी कुणाला भुरळ घालते? एम.ए. इंग्लिश, बी.एड. झालेलं, टीईटी दिलेली, शिक्षक भरतीची वाट बघणं सुरू, आणि तोवर तासिका तत्त्वावर किंवा एखाद्या इंग्लिश स्कूलमध्ये तुटपुंज्या पगारावर काम. अशा उमेदवारासाठी प्रश्न साधा आहे. हे खरं आहे की फसवणूक?

उत्तर असं की नोकऱ्या खऱ्या आहेत, पण रीलमध्ये दिसतात त्या बहुतेक भारतीय पासपोर्टसाठी नसतात.

जाहिरातीत बारीक अक्षरात 'नेटिव्ह स्पीकर' असा शब्द असतो. याचा अर्थ 'चांगलं इंग्रजी बोलणारा' असा घेतला जात नाही. व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांचा पासपोर्ट असलेला माणूस म्हणजे नेटिव्ह स्पीकर. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीतून झालं असलं तरी भारतीय उमेदवार या यादीत बसत नाही. बालीसाठी तर ही अट सगळ्यात जास्त आडवी येते. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये दार बंद नाही, पण पदवी लागते, आणि इंग्रजी येतं हे टोइक किंवा आयईएल्टीएससारख्या परीक्षेच्या गुणांवर दाखवावं लागतं. एकाच शाळेत, त्याच वर्गाला शिकवताना पासपोर्ट बघून पगार कमी-जास्त होतो, हेही तिथे उघड गुपित आहे. थायलंडमध्ये भारतीयांना तुलनेने बरी संधी असते ती गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची. म्हणजे बी.एस्सी., बी.एड. झालेल्याचं पारडं तिथे एम.ए. इंग्लिशपेक्षा जड ठरू शकतं!

मग इंग्रजीच्या भारतीय शिक्षकाला समुद्राकाठी खरोखर कोण बोलावतं? पहिलं नाव मालदीव.

सुमारे १,२०० बेटांच्या या देशात माणसं राहतात ती जेमतेम २०० बेटांवर. शाळांचं माध्यम इंग्रजी, परीक्षा केंब्रिजच्या धर्तीच्या, आणि स्थानिक शिक्षक पुरत नाहीत. त्यामुळे भारतातून, त्यातही केरळमधून, शिक्षक तिथे जाण्याची वाट कित्येक दशकं जुनी आहे. तिथल्या डॉक्टर आणि शिक्षकांपैकी सुमारे २५ टक्के भारतीय असल्याचं भारताचं परराष्ट्र मंत्रालय सांगतं. इथे नेटिव्ह स्पीकरची भानगड नाही. विषयातली पदवी आणि बी.एड. ही खरी शिदोरी. बाहेरची पदवी मात्र मालदीवच्या पात्रता प्राधिकरणाकडून तपासून घ्यावी लागते.

पण मालदीव म्हणजे रिसॉर्टचे फोटो नव्हेत. रिसॉर्टची बेटं वेगळी, शाळांची वेगळी. शिक्षकाची नेमणूक अशा बेटावर होऊ शकते जिथली लोकसंख्या चिखलीच्या एखाद्या वॉर्डाएवढी आहे, आणि दवाखाना मोठा हवा असेल तर बोट पकडावी लागते. जेवणात मासे आणि भात. भाजीपाला बाहेरून येतो, म्हणून महाग. शाकाहारी माणसाने हा हिशेब आधीच करावा. सुटी शुक्रवार-शनिवारी. देश कायद्याने मुस्लिम आहे, त्यामुळे दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती सोबत नेता येत नाहीत, आणि इतर धर्मीयांना उघड पूजाअर्चा करता येत नाही. बॅग भरताना घरच्यांनी प्रेमाने ठेवलेली गणपतीची मूर्ती कस्टममध्ये अडकू शकते.

पैशाचाही एक पेच आहे. पगार रुफियामध्ये मिळतो. अधिकृत दर १ डॉलरला १५.४२ रुफिया, पण बँकेतून त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत आणि बाहेर डॉलर महाग पडतो. म्हणजे कागदावरचा पगार आणि घरी पोहोचणारी रक्कम यात फरक पडतो. मुलाखतीत घरभाडं, विमानाचं तिकीट आणि पैसे घरी पाठवायची सोय, या तिन्ही गोष्टी विचारूनच घ्याव्यात.

मॉरिशसचं नाव ऐकून मराठी माणसाला वाटतं, तिथे तर मराठीच शिकवता येईल. मराठी तिथे शिकवली जाते हे खरं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्येही. पण ती शिकवणारे बहुतेक मॉरिशसचेच मराठी लोक आहेत.

आता धोक्याकडे. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय सांगत आलंय की थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओस इथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं जातं. कंबोडियातलं सिहानूकव्हिल तर समुद्रकाठचंच शहर. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी आधी २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६ भारतीयांना थायलंडमधल्या माए सोतमार्गे परत आणलं. हे सगळे म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या अड्ड्यांवर अडकले होते. इंग्रजी बोलणारा, टायपिंग येणारा पदवीधर हाच या टोळ्यांना हवा असतो, म्हणून शिक्षकाची नोकरी शोधणारा त्यांच्या जाळ्यात सहज येतो.

खोटी ऑफर ओळखायची खूण व्हिसात असते. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली, शाळेचा पत्ता नीट सांगत नाहीत आणि 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट नंतर करू' असं म्हणाले, तर तिथेच थांबावं. थायलंड भारतीयांना फिरायला व्हिसाशिवाय येऊ देतो, मालदीवही पोहोचल्यावर टुरिस्ट व्हिसा देतो. पण यातल्या कशावरही नोकरी करता येत नाही. परदेशी नोकरी देणारा एजंट भारत सरकारकडे नोंदणीकृत असावा लागतो. त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतं. त्याला घेता येणारं सेवाशुल्कही ठरलेलं आहे : जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. दोन-तीन लाख मागणाऱ्याला हा आकडा ऐकवून बघावा. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८००-११-३०९० आहे.

१२० तासांचा टीईएफएल कोर्स काही हजारांत ऑनलाईन होतो. पण हे प्रमाणपत्र देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही, त्यामुळे त्याला वजन किती हे शाळेवर अवलंबून. केंब्रिजचा सेल्टा जास्त मानला जातो आणि तेवढाच महागही आहे. ऑफर हातात नसताना एवढा खर्च करण्याची घाई नको.

घाई करायचीच तर कागदांची. चिखलीतल्या पदवीधराची डिग्री बहुधा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची असते. ती राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं. बुलढाणा जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. खरी अडचण नावाची असते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांची डिग्री माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नाव बदलाची नोंद त्यासाठी लागते, आणि त्यात काही आठवडे सहज जातात.