मणक्याच्या ऑपरेशनमध्ये जखमेत पावडर का टाकतात? एका जुन्या उपायाची गोष्ट

आंब्याचा हंगाम सुरू झाला की आपल्या रत्नागिरी भागात झाडावरून पडून मणक्याला मार बसलेले रुग्ण येऊ लागतात. कुणी आंबे काढताना पडतो, कुणी माडावरून. काहींचा मणका असा मोडलेला असतो की स्क्रू आणि सळया घालून तो स्थिर करावा लागतो. अशा वेळी घरच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: "पेशंट चालेल ना?" आणि "जखम चिघळणार तर नाही ना?" हल्ली त्यात तिसऱ्याची भर पडली आहे: "टाके घालण्याआधी आत अँटिबायोटिकची पावडर टाकतात म्हणे. ती टाकली की पू होत नाही का?"

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट समजायचं तर थोडं मागे जावं लागेल. कारण जखमेत औषध भुरभुरण्याची ही पहिली वेळ नाही.

मणक्याच्या जखमेची एवढी काळजी का?

मणक्यापर्यंत पोहोचायला पाठीचे जाड स्नायू बाजूला ओढून धरावे लागतात. तेवढा वेळ त्या स्नायूंचा रक्तपुरवठा कमी होतो. ऑपरेशननंतर आत थोडी पोकळी राहते, तिथे रक्त साचतं आणि साचलेलं रक्त हे जंतूंचं आवडतं खाद्य. त्यात स्क्रू आणि सळया असल्या की जंतू धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. शिरेतून दिलेलं औषध रक्तावाटे जातं, त्यामुळे त्या थराच्या आत ते पुरेसं पोहोचत नाही. संसर्ग खोल गेला तर पुन्हा ऑपरेशन, जखम धुणं आणि कित्येक आठवडे अँटिबायोटिक हे सगळं ओघाने आलंच. घरातल्या कमावत्या माणसाचं अख्खं वर्ष त्यात जाऊ शकतं.

हळद आणि कार्बोलिक

कापलं की हळद दाबायची, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने दाखले पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण ते पेटंट रद्द झालं ते हा वापर जुनाच आहे म्हणून. ऑपरेशनच्या टाक्यांवर हळद लावणं सुरक्षित आहे, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही.

ऑपरेशनच्या जगात जंतूंविरुद्धची पद्धतशीर लढाई सुरू झाली १८६५ मध्ये. ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी पाय मोडून हाड बाहेर आलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. त्या काळी अशा जखमेत बहुतेकदा पाय कापावा लागे. या मुलाचा पाय वाचला. पुढे मात्र शल्यचिकित्सकांना कळलं की जखमेत आम्ल ओतण्यापेक्षा हात, हत्यारं आणि कपडे आधीच निर्जंतुक करणं जास्त फायद्याचं आहे.

सैनिकाच्या पाकिटातली पुडी

१९३० च्या दशकात सल्फा औषधं आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या प्रथमोपचाराच्या पाकिटात सल्फाच्या भुकटीची पुडी असे. गोळी लागली की पुडी फोडायची आणि जखमेत भुरभुरायची. सगळ्यांचा त्यावर मोठा विश्वास होता. पण अनेक रुग्णालयांतल्या जखमी रुग्णांचे निकाल मोजले गेले, तेव्हा दिसलं की जखमेत भुकटी टाकून संसर्ग कमी झालेला नाही. भुकटीचे गोळे जखमेत तसेच राहत. घाण आणि मेलेलं मांस काढून जखम स्वच्छ करणं हाच खरा उपाय ठरला, आणि युद्ध संपेपर्यंत ती पुडी मागे पडली.

पेनिसिलिन आणि आपली पिंपरी

१९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर हॉवर्ड फ्लोरी आणि ह्यू केर्न्स यांनी पेनिसिलिन थेट जखमेत वापरून पाहिलं. तेव्हा ते औषध फार थोडं मिळत असे आणि जखमेत टाकलं तर थोडक्यात काम भागे. पुढे उत्पादन वाढलं तसं इंजेक्शन रुळलं. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

१९६१ मध्ये अमेरिकेत जॉन बर्क यांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की जंतू शिरण्याआधी औषध शरीरात असेल तर संसर्ग टळतो. तीन तास उशीर झाला तर त्या औषधाचा जवळपास काही उपयोग होत नाही. आज भूल देताना, चीर देण्याआधीच तुम्हाला शिरेतून अँटिबायोटिक मिळतं, त्यामागे हे ज्ञान आहे.

बोर्निओची माती

आता त्या पावडरीकडे येऊ. तिचं नाव व्हॅन्कोमायसिन. बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीत हे औषध बनवणारा जंतू सापडला. १९५८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. सुरुवातीचं औषध इतकं अशुद्ध आणि तपकिरी असे की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणत. पुढे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले आणि व्हॅन्कोमायसिनला पुन्हा मागणी आली. ही पावडर जखमेत टाकली की तिथे औषधाचं प्रमाण खूप वाढतं आणि रक्तात फार थोडं उतरतं. कल्पना आकर्षक होती.

आकडे काय सांगतात?

२०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्क्रू-सळया घातलेल्या १,७३२ रुग्णांची माहिती आली. फक्त शिरेतून औषध घेतलेल्यांत खोल संसर्ग २.६ टक्के होता. सोबत पावडरही टाकलेल्यांत तो ०.२ टक्के निघाला. पण ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची होती. मधल्या काळात इतर सुधारणाही होऊ शकतात.

२०१३ मध्ये कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने ९०७ रुग्णांचे दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे, कुणाची निवड न करता पाडले. पावडर न टाकलेल्या ४७४ जणांत ८ संसर्ग झाले, टाकलेल्या ४३३ जणांत ७. म्हणजे १.६८ आणि १.६१ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. जिथे मुळातच संसर्ग कमी आहे तिथे पावडरीने फारशी भर पडली नाही.

२०२१ मध्ये पायाच्या अवघड फ्रॅक्चरच्या ९८० रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला. त्यात पावडरीने खोल संसर्ग ९.८ वरून ६.४ टक्क्यांवर आला. हा फायदा व्हॅन्कोमायसिनला दाद देणाऱ्या जंतूंपुरताच होता, इतर जंतूंवर परिणाम दिसला नाही.

म्हणून काही सर्जन धोका जास्त असलेल्या रुग्णांत पावडर वापरतात, काही वापरत नाहीत. दोघांकडेही कारणं आहेत. तुमच्या सर्जननी पावडर टाकली नाही म्हणजे हयगय झाली, असं समजू नका. आणि टाकली म्हणजे आता काळजी नको, असंही समजू नका. लिस्टरपासून आजपर्यंत प्रत्येक पावडरीने एकच धडा दिला आहे: ती स्वच्छतेची जागा घेऊ शकत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

• मधुमेह असेल तर ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणा.
• तंबाखू, मिश्री, विडी बंद करा. त्याने जखम भरायला उशीर होतो.
• पाठीचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात.
• घरी गेल्यावर टाक्यांवर हळद, कॅप्सूल फोडून काढलेली पूड किंवा दुकानातून आणलेली पावडर टाकू नका. ऑपरेशन थिएटरमधली पावडर निर्जंतुक असते आणि ती ठरावीक मात्रेत, उघड्या जखमेत आतवर टाकली जाते. बंद टाक्यांवर टाकलेल्या पुडीने तो फायदा मिळत नाही. उलट खाज, पुरळ येऊ शकतं आणि जखमेतून येणारं पाणी झाकलं जातं.
• पावसाळ्यात ड्रेसिंग ओलं झालं तर तसंच वाळू देऊ नका, बदलून घ्या.
• ताप, वाढत जाणारी पाठदुखी, लाली किंवा पाणी येणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.

ऑपरेशनआधी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: "माझ्या बाबतीत संसर्गाचा धोका किती आहे आणि तो कमी करायला आपण काय काय करणार आहोत?" पावडरीचं उत्तर त्यातच मिळेल, आणि तिच्याहून महत्त्वाच्या गोष्टींचंही.