हळदीचे पेटंट : पुरावा कोणी द्यायचा?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट दिले. भारतात घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट तिथे 'नवा शोध' कशी ठरली?

उत्तर तत्कालीन अमेरिकी कायद्यात आहे. परदेशातील ज्ञान आधीपासून ज्ञात मानले जाण्यासाठी ते छापलेले किंवा पेटंट घेतलेले असावे लागे. परदेशातील नुसता वापर ग्राह्य नव्हता. म्हणजे आजीबाईचा बटवा हा पुरावाच नव्हे!

डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. प्राचीन संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय शोधनिबंधापर्यंत लिखित दाखले सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

तरीही प्रत्येक पेटंटामागे ज्ञान जपणाऱ्यांनीच धावायचे काय? २००१ पासून भारताने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारले, ते जगभरच्या पेटंट तपासनिसांना आधीच दाखले मिळावेत म्हणून.

२४ मे २०२४ रोजी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी जिनिव्हात एक करार स्वीकारला. शोध जनुकीय संसाधनांवर वा त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आधारलेला असेल, तर अर्जदाराने त्यांचा मूळ स्रोत सांगायचा. मात्र फसवणुकीचा हेतू नसेल, तर केवळ स्रोत न सांगितल्यामुळे पेटंट रद्द करता येत नाही. स्रोत सांगण्याचे ओझे अर्जदाराकडे सरकले. पण हेतू सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, हा वाद शिल्लकच आहे.