गुप्त मतदानाची कुळकथा

लोकशाही राज्यकारभार सुधारावा कसा, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा थोर तत्त्वांकडे वळते. घटनेची कलमे, मताधिकाराची व्याप्ती, मंत्रिमंडळाची जबाबदारी यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या सुधारणेने सामान्य नागरिकाच्या पदरात प्रत्यक्ष काही टाकले, तिची सामग्री अगदी किरकोळ आहे : सरकारी खर्चाने छापलेला कागदाचा तुकडा, एक पेन्सिल, फळ्यांचा आडोसा आणि कुलपाची पेटी. ह्या चार वस्तू एकत्र येण्यास १८५६ साल उजाडावे लागले. त्या कशा एकत्र आल्या आणि त्यांनी कोणाचे हित व कोणाचे अहित केले, हे आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे योजिले आहे.

इंग्लंडच्या पार्लमेंटला लोकशाहीचे माहेर मानण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या माहेरी १८७२ पर्यंत मत कसे देत, ते पाहण्यासारखे आहे. गावच्या चौकात लाकडी मंच उभारीत. त्याला हस्टिंग्ज म्हणत. उमेदवारांची नावे त्यावरून पुकारली जात व खालचा जमाव हात वर करून आपला कौल देई. त्या कौलावर हरकत घेतली गेली म्हणजे खरे मतदान सुरू होई. मतदार कारकुनापुढे येऊन आपले नाव सांगे आणि मत कोणाला ते सर्वांच्या देखत मोठ्याने सांगे. कारकून ते वहीत टिपून घेई. पुष्कळदा ह्या वह्या पुढे छापून विकल्या जात, म्हणजे कोणत्या खाटकाने, कोणत्या चांभाराने कोणास मत दिले हे आठ दिवसांत साऱ्या पंचक्रोशीत घरोघर वाचावयास मिळे. आजच्या इतिहाससंशोधकांना ह्या वह्या म्हणजे मोठे घबाड वाटते. ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांना ते घबाड महाग पडले असले पाहिजे.

कसे महाग पडले, याचा दाखला वेल्समध्ये सापडतो. १८६८ च्या निवडणुकीत कार्डिगनशर व कार्मार्थनशर ह्या परगण्यांतील अनेक कुळांनी जमीनदारांच्या मर्जीविरुद्ध लिबरल उमेदवारांना मते दिली. निकाल लागल्यावर त्यांतील कित्येकांना जमिनी सोडण्याच्या नोटिसा आल्या. पिढ्यान्पिढ्या कसलेली शेते व राहती घरे एका शब्दापायी गेली, आणि तो शब्दही कायद्याने दिलेल्या अधिकाराने उच्चारलेला! ज्याच्या हाती आपल्या भाकरीची दोरी, त्याच्याच डोळ्यांदेखत मत द्यावयाचे असेल तर त्या मताचा मालक कोण, हा प्रश्न तेव्हापासून कोणासही टाळता येईना.

प्रश्न अर्थात जुनाच होता. ग्रीस देशाच्या इतिहासाचा प्रसिद्ध लेखक जॉर्ज ग्रोट हा पार्लमेंटचा सभासद असताना त्याने १८३३ पासून गुप्त मतदानाचा ठराव पुनःपुन्हा मांडला व तो प्रत्येक वेळी फेटाळला गेला. अथेन्सचे पंच निकाल देताना काशाच्या दोन चकत्या घेत. एकीचा आस भरीव, दुसरीचा पोकळ. आसाची टोके चिमटीत धरून चकती टाकली म्हणजे कोणती टाकली हे शेजाऱ्यालाही कळत नसे. रोममध्ये तर ख्रिस्तपूर्व १३९ मध्ये अधिकाऱ्यांच्या निवडणुकीसाठी गुप्त मतदानाचा कायदाच झाला होता. (आपल्याकडे उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखाचा दाखला याच संदर्भात देण्याची हौस दिसते. पण तेथे घागरीतून निघत त्या मतपत्रिका नव्हेत, चिठ्ठ्या होत्या. ती सोडत होती. ती पद्धतही विचार करण्याजोगी आहे, परंतु तिची कथा निराळी.) १८३८ च्या चार्टिस्ट मजुरांच्या सनदेतही गुप्त मतदान ही एक मागणी होती.

विरोध करणारे सगळेच जमीनदारांचे भाट होते असे मात्र समजू नये. जॉन स्टुअर्ट मिल याच्यासारखा स्वातंत्र्याचा कैवारी त्यांत होता. त्याचे वडील जेम्स मिल गुप्त मतदानाचे पुरस्कर्ते, आणि तरुणपणी तोही त्याच पक्षाचा. परंतु १८६१ च्या आपल्या ग्रंथात त्याने उघड मतदानाची बाजू घेतली. मत ही मतदाराची खासगी मालमत्ता नाही, समाजाने त्याच्यापाशी ठेवलेली ती ठेव आहे. ठेवीचा व्यवहार चारचौघांत व्हावा. आडोशाला गेलेला मनुष्य स्वार्थाला वश होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्यांना मताधिकारच नाही त्या बायकांना व मजुरांना निदान मतदारांचे वर्तन पाहता तरी यावे, हाही त्यातील एक मुद्दा होता. हा मुद्दा मला आजही हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मिलची चूक तत्त्वाची नसून पत्त्याची होती. ज्या उघडेपणाची अपेक्षा त्याने भाडोत्री कुळाकडून केली, ती करावयास हवी होती सत्ता हाती असणाऱ्यांकडून. आणि गंमत अशी की तिकडे ते घडतही होते. कॉमन्स सभेत कोणत्या सभासदाने कोणत्या बाजूला मत दिले याच्या अधिकृत याद्या १८३६ पासून छापल्या जाऊ लागल्या होत्या. प्रतिनिधीचे मत उजेडात येत होते त्याच काळात नागरिकाचे मत आडोशाला नेण्याची मागणी वाढत होती.

आडोसा प्रथम उभा राहिला तो ऑस्ट्रेलियात. व्हिक्टोरिया ही तेव्हा नवी वसाहत. सोन्याच्या शोधात जगभरचे लोक तेथे लोटलेले. १८५५ च्या अखेरीस विल्यम निकल्सन याने तेथील कायदेमंडळात गुप्त मतदानाचा ठराव संमत करून घेतला, तेव्हा विरोधी असलेल्या हेन्स मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. निकल्सनला मंत्रिमंडळ बनविता न आल्यामुळे तेच लोक पुन्हा आले, पण ठराव टिकला. हेन्री चॅपमन नावाच्या कायदेपंडिताने त्याचा तपशील बांधून दिला. उमेदवारांची नावे सरकारने छापावी, तो कागद मतदाराला केंद्रावरच मिळावा, त्याने स्वतंत्र खणात जाऊन नको असलेली नावे खोडावी आणि घडी घालून कागद पेटीत टाकावा. १८५६ मध्येच टास्मानिया व साउथ ऑस्ट्रेलिया ह्या वसाहतींनीही गुप्त मतदान स्वीकारले. मतदाराला कागद घरून आणण्याची मुभा असती तर तो जमीनदाराने लिहून दिला असता. म्हणून सरकारी छपाई व स्वतंत्र खण ह्या दोन गोष्टींतच ह्या सुधारणेचा प्राण आहे.

ब्रिटनमध्ये १८७२ च्या जुलैत कायदा झाला व त्याखालील पहिली पार्लमेंटची निवडणूक यॉर्कशरमधील पाँटिफ्रॅक्ट येथे योगायोगाने १५ ऑगस्ट रोजी पार पडली. तेथील उमेदवार ह्यू चिल्डर्स हा पूर्वी व्हिक्टोरियाच्या त्याच हेन्स मंत्रिमंडळात होता. पाँटिफ्रॅक्ट गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. त्या वड्यांवर उठवावयाचा ठसा घेऊन लाखेने मतपेटी मोहोरबंद केली गेली. ती पेटी तेथील संग्रहालयात जपून ठेवली आहे. इतकी शांत निवडणूक पाहून लोक चकित झाले. दोनच वर्षांनी आयर्लंडमध्ये स्वराज्यवादी पक्षाचे सुमारे साठ सभासद निवडून आले. लाचलुचपत मात्र थांबली नाही. लोक पैसे दोघांकडून घेऊ लागले एवढेच. त्यासाठी १८८३ मध्ये उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालणारा दुसरा कायदा करावा लागला.

येथवरची कथा गोड आहे. अमेरिकेत ती कडू होते. तेथे पक्ष आपापल्या रंगीबेरंगी मतपत्रिका स्वतः छापून वाटीत, त्यामुळे हातातील कागदाच्या रंगावरून मत ओळखू येई. १८८८ पासून मॅसॅच्युसेट्स व त्यामागून इतर राज्यांनी ऑस्ट्रेलियन पद्धत उचलली. पण दक्षिणेतील आर्कान्सासारख्या राज्यात १८९१ मध्ये तीच पद्धत आली, तेव्हा छापील नावे वाचता न येणाऱ्या काळ्या नागरिकांचे मत त्या कागदापुढेच अडखळले. गुलामगिरी जाऊन पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. अक्षरओळख कोठून असणार? ज्या आडोशाने वेल्सच्या कुळाला वाचविले असते, तोच ह्या लोकांच्या वाटेत भिंत म्हणून उभा केला गेला. अनेक गरीब गोरेही तिच्या बाहेर राहिले. सुधारणा कोणाच्या हाती पडते यावर तिचे फळ अवलंबून असते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९५१-५२ मध्ये भारताने काय केले याचे मोल कळते. मतदार सतरा कोटींहून अधिक आणि साक्षर शेकडा वीसही नाहीत! मतपत्रिकेवर नावे छापून भागण्यासारखे नव्हते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत काही ठिकाणी उमेदवारांना किंवा पक्षांना रंगांच्या पेट्या दिल्या होत्या. मद्रासेत काँग्रेसची पेटी पिवळी होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तीच कल्पना पुढे नेली. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र, तिच्यावर बैलजोडी, झोपडी असे चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावी. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या व लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही कोणाची मदत न मागता आडोशामागे एकट्याने उभे राहता आले.

दोष ह्या पद्धतीतही होते. आडोशामागे गेलेला मनुष्य मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणी व विकी. विकत घेणारा अशा अनेक पत्रिका एकदम आपल्या पेटीत टाकण्याची व्यवस्था करी. म्हणून १९६२ च्या निवडणुकीपर्यंत नावे व चिन्हे एकाच कागदावर छापून शिक्का मारण्याची रीत बहुतेक सर्वत्र आली. पुढे १९८२ मध्ये केरळातील परवूर येथे पन्नास केंद्रांवर मतदान यंत्राचा प्रथम प्रयोग झाला व २००४ पासून लोकसभेची निवडणूक सर्वत्र यंत्रांवर होऊ लागली.

मिलचा प्रश्न मात्र अधूनमधून डोके वर काढीत राहिला, आणि ह्या खेपेस तो योग्य पत्त्यावर गेला. २००३ मध्ये राज्यसभेसाठी आमदारांनी द्यावयाचे मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखविण्याचा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो वैध ठरविला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणे म्हणजे मतदाराचे मत गुप्त ठेवण्यासारखेच आहे, अशी समजूत घालण्याचा प्रयत्न झाला होता; ती न्यायालयाला पटली नाही. पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणाऱ्याचे मौन आणि कोट्यवधी रुपये देणाऱ्याचे मौन यांना एकाच मापाने मोजणे, हे माझ्या मते वेल्सच्या कुळाची थट्टा केल्यासारखे झाले असते.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांमुळे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळतो, आणि लहानशा वाडीचे केंद्र असेल तर साऱ्या वाडीचे मत निकालाच्या कागदावर उघडे पडते. कोणा एकाचे नाव त्यात नसते, पण रस्ता, पाणी, शाळा ह्या गोष्टी वाडीलाच मिळतात किंवा नाकारल्या जातात. निवडणूक आयोगाने अनेक केंद्रांची बेरीज एकदम दाखविणाऱ्या यंत्राची सूचना २००८ मध्ये केली. विधी आयोगाने २०१५ मध्ये तिला पाठिंबा दिला. कोणत्या भागात आपण कमी पडलो हे पक्षांना कळले तर तेथे अधिक काम करता येते, असा युक्तिवाद तिच्या विरुद्ध मांडला गेला, आणि केंद्र सरकारने ती सूचना स्वीकारली नाही.