माळवदाचा गारवा

बारामती-इंदापूरकडची जुनी घरं माळवदाची. तुळयांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन मातीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे कौलं, पत्रे गावोगाव पोचले. छप्पर हलकं झालं, पण घर तापू लागलं.

तरी मी माळवदाचे गोडवे गाणार नाही. लातूरकडेही अशीच घरं होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि डोक्यावरच्या मातीखाली झोपलेली माणसं गाडली गेली.

म्हणून नव्या घराच्या उंच, उतरत्या छताला मला तो गारवा हवाय, ते ओझं नको. पत्र्याखाली ग्लासवूलचा थर बसवतोय. त्यात अडकलेली हवा ऊन अडवते, आणि हवेला वजन ते कितीसं!