केशरी कार्ड आणि ज्वारीची पायली

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात उमरेडच्या घरातली लोखंडी पेटी आवरायला घेतली. जुने कागद चाळताना मोठ्या बाबांचं केशरी रेशनकार्ड हाती लागलं आणि म्हटलं, हा विषय आता लिहूनच टाकू. (घरच्या वाचकांनी चुका जरूर काढाव्यात, पण फोनवर. इथे सगळ्यांदेखत नको!)

२०१४ च्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांच्या छातीत कळ आली. रातोरात नागपूरला नेलं, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. घरात पैसे किती होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मोठी आई हातातल्या पाटल्या काढून रुमालात बांधून बसली होती. मग कुणीतरी आरोग्यमित्राच्या टेबलाकडे जायला सांगितलं. कार्ड दाखवलं, फोटो काढला, सह्या झाल्या, आणि बिल योजनेतून भरलं गेलं. पाटल्या परत हातात गेल्या.

योजना म्हणजे राजीव गांधी जीवनदायी. (२०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना.) आंध्रात २००७ साली सुरू झालेली आरोग्यश्री तिचा नमुना. आपल्याकडे ती २ जुलै २०१२ ला आली, पण आठच जिल्ह्यांत: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन. नागपूर त्यात नव्हतं. राज्यभर झाली ती २१ नोव्हेंबर २०१३ ला. म्हणजे तीच कळ एक वर्ष आधी आली असती तर पाटल्या सराफाकडे गेल्या असत्या. कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे मुंबईतल्या एका फायलीत ठरलेलं असतं, आणि ते आपल्या घरात असं येऊन पोचतं.

त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होतं, ९७१ शस्त्रक्रिया आणि उपचारांची यादी होती, कार्ड पिवळं किंवा केशरी हवं. यादी मी नंतर पाहिली. हृदयाच्या झडपा होत्या, मेंदूच्या शस्त्रक्रिया होत्या, कर्करोग होता. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र नव्हती. मोठ्या बाबांना बीपी असल्याचं दहा वर्षांपासून माहीत होतं. चक्कर आली की गोळी, उतरली की बंद. कुणी टोकलं की म्हणायचे, "आता बरं वाटून राहिलं ना, कायले गोया खाऊ?"

आधी काय द्यायचं, हा प्रश्न आपल्या देशात स्वातंत्र्याच्याही आधीपासूनचा. १९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भोर मूळचे आपल्या नाशिकचे. समितीने १९४६ साली अहवाल दिला, त्याचा गाभा असा की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडता कामा नयेत. लांबचं स्वप्न मोठं होतं: दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय. लगेच जमण्यासारखं म्हणून चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आणि भर रोग होऊ न देण्यावर. १९५२ पासून केंद्रं उभी राहू लागली. लांबचं स्वप्न आजही लांबच आहे. पण मला त्या समितीचं कौतुक वाटतं ते तिने क्रम लावला म्हणून. हिवताप आधी, बाळंतपण आधी, पाणी आधी. गरीब देशाने सगळं एकदम देतो म्हणणं सोपं असतं.

आमच्या आजीच्या गोष्टींत मात्र दवाखाना म्हणजे नागपूरच. 'मेडिकल' नाहीतर 'मेयो'. छोट्या लाईनीच्या गाडीने जायचं. (ती नागपूर-नागभीड गाडी २०१९ मध्ये बंद झाली, रूळ रुंद करायला.) त्यामुळे आजार अंगावर काढणं हीच आमच्याकडची आरोग्यव्यवस्था.

आणि गंमत म्हणजे याच प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सापडलं होतं. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या डॉ. उल्हास जाजूंनी १९८० च्या सुमारास आजूबाजूच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. हप्ता पैशात नाही, ज्वारीत, आणि तोही सुगीला, घरात दाणा असताना. भूमिहीनाने थोडी द्यायची, जमीनवाल्याने एकरांच्या हिशेबाने जास्त. आजारी पडल्यावर मात्र दोघांना सारखंच. गावातली बहुतेक घरं आत आल्याशिवाय योजना लागूच नाही, म्हणजे फक्त आजारी माणसं शिरली असं व्हायला नको. गावातल्या आरोग्यसेवकाचा खर्च त्यातूनच.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते असं: अचानक आलेल्या आजाराला सेवाग्रामच्या रुग्णालयात पूर्ण मोफत. पण मोतीबिंदू, हर्निया, साधं बाळंतपण, म्हणजे ज्याची आधी कल्पना असते, त्याला फक्त सवलत. पायलीभर ज्वारीत सगळं बसत नाही. मग काय बसवायचं ते उघडपणे बोलून ठरवायचं. ज्यांच्या घरातली ज्वारी, त्यांच्यासमोर.

पुढे २०१४ साली, मोठ्या बाबांच्या त्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका गटाने अहवाल काढला. त्यात तीन प्रश्न: कोणत्या सेवा आधी, कोणती माणसं आधी, आणि खिशातून भरण्याऐवजी आधी भरण्याकडे कसं जायचं. अत्यंत गरजेच्या सेवा सर्वांपर्यंत पोचण्याआधी कमी गरजेच्या महागड्या सेवा वाढवणं योग्य नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. वाचून मान डोलावली. पण मग मोठ्या आईचा तो रुमाल आठवला. गोळी आधी, स्टेंट नंतर, हे कागदावर पटतं. त्या रात्री दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. अजूनही माझं मत पक्कं झालेलं नाही. एवढं मात्र वाटतं की शस्त्रक्रियेचा आकडा जाहिरातीत छापता येतो, न आलेल्या झटक्याचा छापता येत नाही, आणि याचा यादीवर परिणाम होत असणार.

नंतर बरंच बदललं. २०१७ च्या शेवटापासून देशातल्या पंचवीस जिल्ह्यांत बीपीचे रुग्ण नोंदवून नियमित गोळ्या द्यायचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात शेजारचे भंडारा आणि वर्धा होते. २०२४ पासून राज्यात पाच लाखांचं संरक्षण सगळ्यांना, कार्डाचा रंग कोणताही असो. असो.

पेटीत कार्डाखाली २०१६ चं भिंतीवरचं कॅलेंडरही निघालं. झटक्यानंतर मोठे बाबा शिस्तीत आले होते, गोळी घेतली की त्या तारखेवर पेन्सिलने फुली. बारा पानं उलटून पाहिली. एक तारखेपासून फुल्या ओळीने आहेत. बहुतेक महिन्यांचे शेवटचे चार-पाच दिवस तेवढे कोरे आहेत.