आकाशातली खूण आणि कागदावरची वाट



पाठीवर बिऱ्हाड घेऊन रानावनांतून पायी हिंडणे, याला ऑस्ट्रेलियात ‘बुशवॉकिंग’ म्हणतात. या छंदाचा इतिहास पुष्कळ अंशी नकाशांचा इतिहास आहे. सिडनीच्या पश्चिमेस ब्लू मौंटन्स हा डोंगराळ प्रदेश आहे. तुटलेले कडे, खोल घळी आणि निलगिरीचे दाट रान. तेथील दारुग व गुंडुंगुरा लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. शहरातून येणाऱ्याला मात्र कागदाचा आधार हवा. १९१४ साली ‘मौंटन ट्रेल्स क्लब’च्या संस्थापकांत असलेले माइल्स डन्फी यांनी हे रान पायांखाली घातले आणि स्वतःच्या हाताने त्याचे नकाशे रेखाटले. नकाशा व होकायंत्र हीच पुढे कित्येक दशके पदयात्रिकांची शिदोरी होती.

मग आकाशातून खूण मिळू लागली. अमेरिकेने जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला तो लष्करासाठी. १९८३ साली वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले व २६९ माणसे मेली. तेव्हा ही सोय सामान्य नागरिकांस खुली करण्याची घोषणा झाली. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. यंत्र शंभर मीटरपर्यंत फसवी. मे २००० मध्ये ही मिसळ थांबली आणि हातातले यंत्र खरे उपयोगी झाले.

पण येथेच एक खाच आहे. यंत्र अंक सांगते. त्या अंकांना अर्थ देतो तो नकाशा. पृथ्वीचा आकार गृहीत धरून मोजणीची चौकट आखावी लागते. ऑस्ट्रेलियाची १९६६ सालची चौकट निराळी व उपग्रहांना जुळणारी १९९४ सालची निराळी. दोहोंत सुमारे २०० मीटरांचा फरक पडतो. पंचवीस हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर तो अवघा आठ मिलिमीटर. बोटाच्या पेराहूनही कमी! पण धुक्यात कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्यात उतरण्याची खिंड सापडेल की समोर दरी येईल, हा प्राणाचा प्रश्न होतो.

तेव्हा यंत्र घेताना आधी नकाशा पाहावा, मागून यंत्र. त्यात त्या प्रदेशाचा समोच्चरेषांचा तपशीलवार नकाशा भरता येतो का? जुना नकाशा वापरायचा तर त्याची चौकट यंत्रात निवडता येते का? बाजारात मिळणारे साधे सेल त्यात चालतात का? मोबाइल चालेल, पण नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. उपग्रहाला फोनचे जाळे लागत नाही, नकाशा मागवायला लागते. घळीत संदेश कड्यांवर आपटून येतात व स्थान चुकते, हेही ध्यानी असू द्यावे.

आपल्या सह्याद्रीचे जुने सर्वेक्षण-नकाशेही एव्हरेस्टच्या नावाच्या निराळ्या चौकटीवर आखलेले आहेत. म्हणून हा धडा आपलाही आहे. कागदी नकाशा व होकायंत्र पिशवीत असू द्यावे. यंत्र आपण कोठे आहोत ते सांगते. पुढचे पाऊल कोठे टाकावे, हे नकाशा वाचणाऱ्या माणसानेच ठरवायचे असते.